निंबाळीची कानबाई

१

कानबाई चोरीला गेली, पण तिचे चांदीचे डोळे आणि नथ चोराने जागेवरच सोडली. बुऱ्हाणपुराला चोऱ्यांचं नवल नव्हतं. पण चांदी ठेवून नारळ पळवणारा चोर गावाने पहिल्यांदाच पाहिला.

गोष्ट एकोणपन्नास सालच्या श्रावणातली. काय दिवस होते ते! रोज उठून नकाशा बदलायचा. काल ज्या मुलखाला मोगलाई म्हणून नाक मुरडायचं, तो आज आपलाच झालेला असायचा. इतवाऱ्यातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुनंदाबाई फळ्यावर हद्द काढताना सांगायच्या, "हलक्या हाताने काढा गं पोरींनो, पुन्हा पुसावी लागेल." पोरी हसायच्या. सगळ्यांनाच तेव्हा वाटायचं, की आता जे पुसलं जाईल ते बऱ्यासाठीच पुसलं जाईल.

तर त्या सोमवारी सकाळी बाईंच्या दाराशी टांगा थांबला आणि पुनर्वसन कचेरीचे साहेब श्रीकांत धावतच आत आले. साहेब नागपूरचे, वयाने लहान. त्यांची बायको उषा बाईंची जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे बाईंचा लौकिक त्यांना घरातूनच कळला होता. शाळेच्या घंटेचा लोलक कुणी लपवला हे बाईंनी एकदा पोरींच्या नुसत्या वेण्या बघून सांगितलं होतं.

"बाई, माझी नोकरी वाचवा!"

"आधी चपला दाराशी काढा. मग नोकरीचं बघू."

साहेबांनी चपला काढल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. आदल्या वर्षी रझाकारांच्या धामधुमीत निजामाच्या हद्दीतली कितीतरी माणसं घरदार टाकून इकडे आली होती. त्यातच अजिंठ्याच्या डोंगराखालच्या निंबाळीचे पाटील आणि त्यांचे भाऊबंद होते. लालबागच्या रस्त्यावर एका बंद जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, त्यांना जागा दिली होती. पुढे निजामाची राजवट गेली आणि सरकारने योजना काढली: ज्यांना स्वखुशीने परत जायचं त्यांना रेल्वेचा पास, घराला लाकूड आणि शेताला बियाणं. 'स्वखुशीने' या शब्दावर सरकारचा भारी जोर. बाप्ये मृगातच पुढे जाऊन पेरण्या करून सणापुरते आले होते. आता बायका, म्हातारे आणि देवी, असे सगळे उद्याच्या गाडीने जायचे होते.

"आणि देवीच नाही," श्रीकांत म्हणाले. "देवी गावाच्या शिवेत शिरल्याशिवाय माणसं शिरणार नाहीत म्हणतात. उद्याची तुकडी शेवटची, बाई. त्यानंतर सवलत बंद. आणि जो परतला नाही त्याची जमीन दुसऱ्याला कसायला देणार."

"मग पोलिसांकडे जायचं. मी काय करू?"

श्रीकांत घुटमळले. "पाटलांनीच चोर पकडून बसवलाय, बाई. तुमची कोकिळा."

बाईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

२

कोकिळा म्हणजे निंबाळीच्या दिगंबर पाटलांची सून. वय पोरीचंच, पण कपाळ पांढरं. तिचा नवरा भिकन इथे आल्यावर तापाने गेला. त्यानंतर ती बाईंच्या संध्याकाळच्या वर्गाला येऊ लागली आणि बघता बघता सातवीच्या पुस्तकाला भिडली. बाई स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या, त्यामुळे या पोरीवर त्यांचा विशेष जीव होता. वर्गात तो त्या दाखवत नसत, पण तिची पाटी सगळ्यांत शेवटी तपासत, म्हणजे जरा वेळ बोलता येई.

शनवाऱ्याच्या दरवाज्यातून टांगा बाहेर पडला तेव्हा श्रावणाचं कोवळं ऊन पडलं होतं. जिनाच्या आवारात गाठोडी सोडून पसरलेली, बायका गोळा होऊन कुजबुजत बसलेल्या. कोकिळा एकटी भिंतीशी, मान खाली. बाईंना बघून तिने पदर आणखी पुढे ओढला.

देवी बसवली होती काट्याच्या खोलीत, जिथे पूर्वी कापूस तोलायचे. बाई दारात उभ्या राहिल्या आणि पारोळ्याचं माहेर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. कानबाई ही खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवायचं, सोमवारी नदीवर नेऊन न्हाऊ घालायचं. मूर्ती नाही की तसबीर नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक नारळ, त्याला चांदीचे डोळे, नाकात नथ. त्या डोळ्यांनी ती आपल्याकडेच बघते असं लहानपणी वाटायचं आणि खोड्या करायची हिंमत व्हायची नाही.

दाराला केळीचे हिरवेगार खांब बांधले होते. चौरंगावर कलश होता, आंब्याचे डहाळे होते, वरची जागा रिकामी. शेजारी समई संथ जळत होती, काठोकाठ तेलाने भरलेली. ताम्हणात ताज्या कुंकवाची लहानशी रास आणि त्या राशीवर दोन डोळे आणि नथ, अलगद ठेवलेली. चौरंगाला लागून एक पितळी गुंडी, फडक्याने तोंड झाकलेली. गुंडीला टेकून पाटलीणबाई, आशाबाई, बसल्या होत्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"सगळं तपासलंत?" बाईंनी विचारलं.

"गाठोडंन्‌गाठोडं," श्रीकांत म्हणाले. "आमच्या हवालदाराने या गुंडीला हात लावला मात्र, बाया अशा किंचाळल्या की बिचारा तीन ताड उडाला. काय तर म्हणे रोटाचं पीठ आहे."

बाईंना एवढ्यातही हसू आलं. "उडणारच. कानबाईचे रोट, नैवेद्याच्या त्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायच्या असतात. परक्याचा हातही चालत नाही. मीही लावायची नाही."

हवालदार बाहेर अजून हात पुसत उभा होता, जणू पिठाने भाजला असावा.

३

पाटलांना बाजेवर बसवून बाईंनी विचारायला सुरुवात केली. दिगंबर पाटील म्हणजे उंचापुरा माणूस, आवाज पहाडी.

"रातभर जागरण झालं, गानी झाली," ते म्हणाले. "पहाटे बाया जागच्या जागी कलंडल्या. उजाडल्यावर पाहातो तं देवी नाई. न ही कोकिळा पहाटे खिडकीपाशी उभी व्हती. सख्ख्या पुतन्यानं, यादवनं पाह्यलं."

"पण तिने का घ्यावी?"

"तिले जायचं नाई म्हून! देवी नाई तं जानं नाई, एवढं कळते तिले. तुमीच डोकं फिरवलं तिचं, मास्तरीनबाई. शिकन म्हने, मास्तरीन होईन म्हने!"

"तुम्हाला ती म्हणाली, जायचं नाही?"

"मले कायले म्हनन? सासऱ्यासमोर तोंड उघडन का ती?" मग त्यांचा आवाज उतरला. "बाई, माह्या बापजाद्यांचा वाडा हाये तिथं. जांभळीखाली बसलं का सारं शिवार दिसते. एक वरीस झालं, रोज झोपताना मी त्या जांभळीपाशी जाऊन येतो. आता गाडी हुकली तं कायमचंच हुकलं."

बाईंना त्यांचा राग आला होता, तो जरासा निवला. आठवणीने झुरणारा माणूस कितीही ओरडला तरी त्याच्यावर फार वेळ चिडता येत नाही.

केळीचे खांब आणले होते सुकलालने. मूळचा तुकईथडचा, आता तापीकाठी त्याची केळीची बाग. निंबाळीच्या लोकांना त्याने वर्षभर बागेत काम दिलं होतं. माणसं गेली तर याचीच अडचण, असं श्रीकांतांच्या मनात होतं.

"बाईजी, मी ठहरा बाहेरचा माणूस," सुकलाल कानाला हात लावत म्हणाला. "खांब बांधले ना दाराशी, तिथूनच हात जोडले. उंबरा नाही ओलांडला. आणि कामाचे गडी तर मृगातच निघून गेले की! आता या बाया-बुढ्ढे गेले तर माझं काय नुकसान? नुकसान एकच. निंदताना या बाया गाणी म्हणायच्या, पुरी बाग डोलायची. आता बाग गपचूप राहील. ते मात्र सच आहे."

त्याच्या सोबत आलेल्या बैलगाडीत बायकांसाठी केळ्यांचे घड होते, वाटेत खायला. असा माणूस देवी पळवत नाही, असं बाईंनी मनात म्हटलं आणि लगेच स्वतःला दटावलं. केळी खाऊन निकाल द्यायचा नसतो. पण बाकीचंही त्याच्याच बाजूचं होतं.

उरला यादव. बावीस-तेवीसचा, केसांना भांग, तोंडात अर्धी हिंदी.

"देखो बाई, मी खिडकीपाशी तिले पाह्यलं म्हनून सांगितलं. चोरी तिनं केली असं नाही बोललो. ते काकानं जोडलं."

"तुलाही जायचं नाही म्हणे."

"नाहीच जायचं. गिरणीत काम लागलं मले. परवा दफ्तरात जाऊन सायबाले साफ सांगितलं, मेरा नाम काट दो. बाप बोलत नाई माझ्याशी, पर नाव तं कटलं ना? नाई म्हनायचं होतं, म्हनून टाकलं. मी देवी लपवून काय करू?"

श्रीकांतांनी मान डोलावली. नाव खरंच कमी केलं होतं.

बाई कोकिळेकडे वळल्या. तेवढ्यात मागून पाटील गरजले, "तिनं सांज होईस्तोवर देवी नाई काढली, तं मी तिले पोलिसात देतो! सून हाये म्हनून सोडनार नाई!"

४

"पहाटे खिडकीशी होतीस?"

"व्हते, बाई."

"कशाला गेलीस?"

विधवेला देवीच्या खोलीत जायची बंदी. जागरणाच्या रात्री कोकिळा आवारात एकटीच गोधडी पांघरून पडली होती. ती मातीत बोटाने रेघा ओढत म्हणाली, "गानं ऐकू आलं म्हून."

"पण तेव्हा तर सगळ्या झोपल्या होत्या ना?"

कोकिळेचं बोट थांबलं.

"कुठलं गाणं गं?" बाईंचा आवाज अगदी मऊ झाला. वर्गातल्या मुली या आवाजाला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त घाबरत.

"पाळन्याचं," कोकिळा पुटपुटली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

कानबाईच्या जागरणाला पाळणा? बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "कोण म्हणत होतं?"

"कोनी नाई. मले भास झाला."

"कोकिळे."

"मीच घेतली देवी!" ती एकदम उभी राहून ओरडली. सगळं आवार वळून बघू लागलं. "मले जायचं नव्हतं. मीच घेतली न तापीत सोडली. द्या मले पोलिसात!"

बायकांनी हंबरडा फोडला. पाटील जागच्या जागी खाली बसले. देवी तापीत गेली म्हणजे सगळंच संपलं.

५

बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी कोकिळेचं मनगट धरून तिला बाजूला नेलं. श्रीकांतही मागोमाग गेले.

"बरं. तू घेतलीस. मग डोळे आणि नथ काढून कुठे ठेवलीस?"

"ताम्हनात."

"ताम्हणात कशावर?"

"कशावर म्हंजे? नुसतेच ठेवले."

बाईंनी श्रीकांतांकडे पाहिलं. "ताज्या कुंकवाच्या राशीवर ठेवलेत ते. करंड्यातून चिमटी चिमटी काढून आधी रास केली, मग तिच्यावर देवीचं लेणं ठेवलं. हे सवाष्णीच्या हाताचं वळण आहे. आमच्यासारखीचा हात कुंकवाच्या करंड्याकडे जातच नाही हो. इतकी वर्षं झाली, देवळातसुद्धा माझा हात अंगाऱ्याकडेच जातो." त्या कडवट हसल्या. "मेली ती रूढी. पण आज तिने पोरीला वाचवलं."

"मग ही खोटं का बोलते?"

"कुणाला तरी पाठीशी घालते. श्रीकांत, मला एक सांगा. परत जाता का म्हणून तुम्ही प्रत्येकाला विचारलंत?"

"म्हणजे काय! नियमच आहे. स्वखुशीशिवाय एक माणूस हलवायचा नाही."

"आशाबाईंना विचारलंत?"

"विचारलं ना. पाटील हो म्हणाले."

"आणि कोकिळेला?"

"पाटीलच..." श्रीकांत तिथेच अडखळले.

बाई पुन्हा काट्याच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुपार कलायला लागली होती. आत आशाबाई अजून तशाच, गुंडीला टेकून. बाईंच्या देखत त्या उठल्या, समईत तेल घातलं, वात सारली आणि परत जागेवर बसल्या.

माहेरी आई अशीच तेल घालायची. रविवारी देवी बसली की सोमवारी ती नदीवर जायला उठेपर्यंत समई विझू द्यायची नाही. देवी उठली की मग आई फुलाने ज्योत शांत करायची. एकदा उठल्यावर समई जळत ठेवत नाहीत, तो अपशकुन. लहान सुनंदाला ती ज्योत विझताना रडू यायचं. सण संपला म्हणून. आणि इथे? देवी गेली म्हणून आक्रोश चाललाय आणि समईला मात्र तेल चुकत नाही. म्हणजे तेल घालणारीच्या लेखी देवी अजून उठलेलीच नाही. ती याच खोलीत आहे.

पण खोलीत होतं काय? चौरंग, कलश आणि पिठाची गुंडी.

पारोळ्याच्या ओसरीवर गहू मोजणं चाललेलं बाईंना दिसलं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा शेर गहू बाजूला काढायचे. मोठे काका, बाबा, दादा, पाळण्यातला धाकटासुद्धा. लहान सुनंदाने विचारलं होतं, "आई, माझ्या नावाचे?" आई हसली होती, "पोरींच्या नावाचे नसतात गं." त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाचे रोट, आणि ज्याच्या नावाचे त्याने ते संपवायचेच. म्हणून तर रोटाचं पीठ कधी उरत नाही. रविवारीच सगळं चुलीवर जातं.

मग सोमवारी ही गुंडी भरलेली कशी?

कुणाच्या तरी नावाचं माप निघालं होतं आणि ते खायला तो माणूस नव्हता. पाळण्याचं गाणं कुणाचं होतं, हे आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि उठल्या. "श्रीकांत, पाटलांना बोलवा. कोकिळेलाही. बाकी कुणी नको."

६

कोकिळा उंबऱ्याबाहेर थबकली. बाईंनी तिचा हात धरून तिला आत ओढलं. पाटलांच्या कपाळाला आठी पडली.

"पाटील, चोरी नाही झाली तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "चोराने चांदी नेली असती. ज्याला जायचं नाही त्याने यादवसारखं तोंडाने सांगितलं असतं. देवी लपवायची वेळ येते ती ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्यावर. कुंकवाला हात लावणारी, समईला तेल घालणारी, आणि गव्हाची मापं काढणारी बाई एकच आहे इथे. देवी या खोलीतच आहे. पण मी पडले परकी, त्या गुंडीला मला हात लावता येत नाही."

पाटलांनी बायकोकडे पाहिलं. आशाबाईंनी गुंडीचं फडकं सोडलं, पिठात दोन्ही हात घातले आणि नारळ वर काढला. पीठ त्यांच्या मांडीवर सांडलं. पदराने त्यांनी देवीचं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं.

"गहू काढताना नावं घेत व्हते," त्या म्हणाल्या. "भिकनचं नाव आलं न हात थांबलाच नाई. काढलं माप. सारे रोट झाले, त्याचं पीठ तसंच राह्यलं. कोन खाईन ते?"

"आन देवी?" पाटलांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हिच्यापाशीच तं मागून घेतला व्हता त्याले. म्हून भिकन नाव ठेवलं. तुमी जांभळीचं सपन पाहाता. माहा लेक तापीच्या काठी राह्यला. हिलेही तिकडं नेली, तं त्याच्यापाशी कोन राहीन? पहाटे हिले मांडीवर घेतली, न वाटलं, जाऊच नाई द्यावं." त्या मांडीवरचं पीठ गोळा करू लागल्या. "मी बोलले असते. पर मले कोनी इचारलंच नाई."

"आत्याबाई," कोकिळा मुसमुसत त्यांना बिलगली. "मी कोनाले नसतं सांगितलं."

श्रीकांत भिंतीकडे बघत उभे होते. 'स्वखुशीने' या मोठ्या जोराच्या शब्दाची त्यांना बहुधा लाज वाटत होती. पाटील भिंतीला धरून हळूहळू खाली बसले, बायकोच्या समोर. लेक गेल्यापासून त्यांनी तिला 'अवो' आणि 'ऐकलं का' याखेरीज हाक मारली नव्हती. जुनी हाक जिभेवर यायला धजत नव्हती.

"भिकनची माय," ते म्हणाले.

आशाबाईंनी चटकन वर पाहिलं.

"चूल पेटव. त्या पिठाचे रोट कर. त्याच्या वाटनीचे मी खातो."

आणि मग त्या जिनाच्या आवारात संध्याकाळच्या आत रोट भाजले गेले. पाटलांनी पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. मग यादव पुढे झाला, मग त्याच्याशी न बोलणारा त्याचा बाप, मग एकेक भाऊबंद. परके म्हणून बाई, श्रीकांत आणि हवालदार लांब उभे राहिले. भूक तिघांनाही लागली होती, पण असं लांब उभं राहण्याचं भाग्य पुन्हा कधी लाभेल असं बाईंना वाटलं नाही. पुढे त्यांनी सरकारच्या कितीतरी योजना येताना आणि जाताना पाहिल्या. पण योजना म्हटलं की त्यांना ताज्या रोटाचा तो खमंग वासच आठवायचा.

रोट संपल्यावर श्रीकांत पुढे आले. त्यांनी घसा साफ केला. "आशाबाई, नियमाप्रमाणे मला तुम्हाला विचारायचंय. तुम्ही स्वखुशीने परत जाता का?"

"हो, हो, ज..." पाटलांच्या तोंडून सवयीने निघालं. बाईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. पाटील गप्प झाले, तिसरीतल्या पोरीसारखे.

आशाबाईंनी तापीच्या दिशेला पाहिलं.

"खुशी कुठून आनू, सायेब?" त्या म्हणाल्या. "पर यायले एकटं कसं सोडू? जांभळीखाली बसून रडन हा मानूस. जाते मी. खुशीनं नाई, पर माह्या मनानं जाते. तसंच लिवा." त्यांनी देवीला डोळे लावले, नथ घातली आणि मग जणू काही किरकोळ काम राहिलंय अशा सुरात म्हणाल्या, "आता तिले इचारा."

श्रीकांत वळले. "कोकिळाबाई, तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी बाई म्हटलं असावं. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंकडे. मग मान वर केली.

"मी नाई जात," ती म्हणाली. "मले शिकायचं हाये."

"माझ्या घरी राहील," बाई लगेच म्हणाल्या, कुणी मध्ये बोलायच्या आत.

"असं कसं?" पाटील उठून उभे राहिले. आवाज पहाडी नव्हता, पण काळजी खरी होती. "घरची सून परगावी ठेवून गेलो तं लोक काय म्हनतीन? काय सांगू मी निंबाळीत?"

आशाबाईंनी समईवर फूल धरून ज्योत शांत केली, कानबाईला उचलून डोक्यावर घेतलं आणि नदीकडे निघता निघता म्हणाल्या,

"सांगा, सरकारनं तिले इचारलं व्हतं म्हून."